चित्रांसाठीं एक खोली

नांदेड काय किंवा लातूर काय, या गांवांत ‘प्रदर्शन’ हा शब्द उच्चारला कीं ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम साड्या येतात. मंगल कार्यालयाच्या दारावर फलक लागतो, रिक्षांतून ध्वनिक्षेपक फिरतो, आणि ‘प्रदर्शन व भव्य विक्री’ या नांवाखालीं जें कांहीं भरतें त्यांत सोलापुरी चादरी, लोणचीं, स्वयंपाकाचीं भांडीं आणि क्वचित् एखाद्या कोपऱ्यांत चौकटींत बसविलेलें छापील निसर्गदृश्य एवढें सर्व आढळतें. यांत दोष कोणाचा, असें विचारण्यांत अर्थ नाहीं. ज्या गोष्टीला गांवांत जागा नसते तिचा शब्दहि दुसरी गोष्ट उचलून नेते. चित्रांच्या प्रदर्शनाला जागा नव्हती, म्हणून शब्द साड्यांकडे गेला, इतकेंच.

वस्तुतः या दोन जिल्ह्यांत चित्र काढणारे हात थोडे नाहींत. शाळाशाळांतून चित्रकलेचे शिक्षक आहेत. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींची संख्या दर वर्षीं मोठी असते. गणेशचतुर्थीच्या आधीं महिना-दोन महिने मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करीत बसलेले कारागीर गल्लीगल्लींत दिसतात. दुकानांच्या पाट्या रंगविणारे जुने पेंटर आहेत. त्यांचा धंदा फ्लेक्सच्या छपाईनें बहुतेक गिळून टाकला, तरी त्यांच्या मनगटांतील वळण अजून गेलेलें नाहीं. नांदेडांत चित्रकार त्र्यंबक वसेकर आणि अभिनव चित्रशाळा हीं नांवें जुनीं माणसें एका श्वासांत घेतात. तेव्हां हातांची वाण नाहीं. वाण आहे ती भिंतीची.

ही गोष्ट अधिक विचित्र वाटते ती अशाकरितां कीं, भारतीय चित्रकलेची सर्वांत थोर भिंत याच मराठवाड्यांत उभी आहे. १८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याचीं लेणीं पडलीं आणि हळूहळू जगाचे डोळे तिकडे वळले. पुढें निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्यानें तेथील चित्रांची निगा राखली. खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं १९३० ते १९५५ या काळांत अजिंठ्यावरील आपला चार भागांचा ग्रंथ सिद्धीस नेला, आणि सय्यद अहमद व जलालुद्दीन या चित्रकारांनीं मोठ्या कष्टानें त्या चित्रांच्या प्रतिकृति उतरवून घेतल्या. गोदेकांठच्या पैठणचें नांव ज्यांना मिळालें तीं रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं ठसठशीत चित्रें, मोठाल्या डोळ्यांचीं आणि एकाच बाजूनें दिसणाऱ्या चेहऱ्यांचीं, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतात. लातूर जिल्ह्यांत खरोशाच्या लेण्यांत देवदेवतांचे शिल्पपट आहेत. निलंग्याच्या नीळकंठेश्वर मंदिराच्या भिंती शिल्पांनीं नटलेल्या आहेत. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वींच्या कारागिराला या भूमींत भिंत मिळाली, आणि आजच्या चित्रकाराला मात्र आपलें पाणरंगांतील चित्र टांगण्याकरितां शाळेच्या वर्गांतील नकाशा उतरवावा लागतो.

भिंत नसली कीं चित्रकार गांव सोडतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड व लातूर हीं दोन्ही ठिकाणें हैदराबाद संस्थानांत होतीं, तेव्हां मोठें गांव म्हणजे हैदराबाद. गोदावरीच्या खोऱ्यांतून जाणारी लोहमार्गाची गाडी नांदेडकराला एका बाजूस हैदराबादेकडे नेई, दुसऱ्या बाजूस मनमाडावरून मुंबईकडे. लातुरास १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी आली आणि कुर्डुवाडीस जाऊन मुंबईची वाट सांपडूं लागली. व्यापाऱ्याचा कापूस आणि तेलबिया या गाड्यांनीं जात, आणि पैसा परत येई. चित्रकाराचें तिकीट मात्र बहुधा एकेरीच असे.

या संदर्भांत मुंबईंतील एका लहानशा दालनाची आणि तें सांभाळणाऱ्या एका मनुष्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. तो मनुष्य मराठवाड्याचा नव्हे. परंतु तो त्याच निजामी राज्यांत जन्मला होता, आणि त्याच्यापाशीं घराणें, पदवी, पैसा यांपैकीं कांहींच नव्हतें.

कृष्णाजी हौलाजी आरा यांचा जन्म १९१४ सालीं सिकंदराबादेजवळील बोलारम येथें झाला. वडील मोटार हांकण्याची नोकरी करीत. आई लहानपणींच वारली. सात वर्षांचें हें पोर घरांतून पळालें आणि मुंबईस येऊन पोंचलें. मोटारी पुसणें, घरगड्याचें काम करणें, यांवर त्याचा निर्वाह चाले. मिठाच्या सत्याग्रहांत आरा यांनीं तुरुंगवासहि भोगला. पुढें वाळकेश्वरच्या बाजूस नोकरांकरितां असलेल्या एका लहानशा खोलींत ते राहत आणि दिवसाचें काम संपल्यावर चित्रें काढीत. फुलदाणी, फळें, मडकीं, रस्त्यावरील गर्दी, असे त्यांचे विषय. रंग भरघोस, रेघ रांगडी. कलाशाळेची पायरी त्यांनीं रीतसर चढलेली नव्हती, आणि चित्रांत तें दिसेहि. पण तें उणें म्हणून दिसत नसे.

हिटलरच्या जाचामुळें युरोप सोडून मुंबईस आलेले कांहीं रसिक त्या काळीं येथें होते. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, त्याच पत्राचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, आणि चित्रांचे संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर हे त्यांत प्रमुख. फॉन लायडन यांची नजर आरा यांच्या कामावर गेली. १९४२ सालीं आरा यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरलें. कोठें म्हणाल तर कोणत्याहि कलामंदिरांत नव्हे, तर ‘चेतना’ या मुंबईंतील उपाहारगृहांत! नांदेडच्या एखाद्या मास्तरांना आपलीं चित्रें हॉटेलांत लावण्याचा संकोच वाटत असेल तर त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. १९४४ सालीं त्यांना गव्हर्नरचें पारितोषिक मिळालें.

मुंबईंत बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ पासून आहे. तिच्या वार्षिक प्रदर्शनांत चित्र लागणें हा मोठा मान, आणि तेथील सुवर्णपदक हें तर आयुष्यभर सांगण्याची गोष्ट. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांना १८९५ सालीं तें मिळालें होतें. १९४७ सालीं स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचें आरा यांनीं काढलेलें मोठें चित्र मात्र या सोसायटीच्या निवडसमितीनें परत केलें असें सांगतात. (ज्या ध्वजाची ती मिरवणूक, त्याच ध्वजाची खादी आज लातूर जिल्ह्यांतील उदगिरास विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितींत तिचे राष्ट्रध्वज तयार होतात, हें येथें सहज आठवतें.) चित्र परत आलें, आणि त्या रागांतून, म्हणा किंवा त्या निमित्तानें म्हणा, कांहीं तरुण एकत्र जमले. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, मध्य प्रांतांतून आलेले सय्यद हैदर रझा, पंढरपुरास जन्मलेले आणि सिनेमाचे मोठाले फलक रंगवून पोट भरणारे मकबूल फिदा हुसेन, अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचे हरि अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे, आणि आरा असे ते सहाजण. यांपैकीं गाडे हे शास्त्राचे पदवीधर व पेशानें शिक्षक. तेव्हां मास्तरकी आणि चित्रकला यांचा जुळा संसार कांहीं नांदेड-लातुरांतच थाटला जातो असें नव्हे.

या प्रोग्रेसिव्ह मंडळीचें पहिलें सामुदायिक प्रदर्शन १९४९ च्या जुलैंत मुंबईंत भरलें आणि डॉ. मुल्कराज आनंद यांनीं त्याचें उद्घाटन केलें. तें भरलें कोठें? रॅम्पार्ट रो नांवाच्या रस्त्यावरील, बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच ‘सलॉन’ नामक दालनांत! ज्या संस्थेनें चित्र नाकारलें तिच्याच खोलींत नाकारलेल्यांनीं आपलीं चित्रें लावलीं. रझा यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शनहि १९४६ सालीं त्याच सलॉनमध्यें झालें होतें. संस्थेची निवडसमिति एक आणि संस्थेची खोली दुसरी, हा भेद त्या जुन्या मंडळींनीं पाळला. समितीला जें आवडलें नाहीं त्याला खोलीचें दार बंद झालें नाहीं. ही गोष्ट दिसावयास लहान; परंतु एखाद्या गांवांत कलादालन टिकतें कीं मोडतें तें पुष्कळदां एवढ्याच गोष्टीवर अवलंबून असतें.

त्या सहाजणांचें पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. सूझा १९४९ सालींच लंडनला गेले, रझा १९५० सालीं पॅरिसला, बाकरेहि इंग्लंडला. हुसेन जगभर फिरले. १९५६ सालीं मंडळ विसर्जित झालें. आरा मुंबईंतच राहिले. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालीं उघडली आणि मोठ्या प्रदर्शनांचा ओघ तिकडे वळला. परंतु तेथें जागा मिळण्याकरितां वर्षानुवर्षें खोळंबावें लागूं लागलें. त्याच परिसरांत, त्याच जुन्या रॅम्पार्ट रोवर, अडोर हाऊसमध्यें आर्टिस्ट्स सेंटर नांवाचें एक लहान दालन होतें. आरा हे अनेक वर्षें त्याचे चिटणीस होते, आणि नवख्या चित्रकाराला चार भिंती मिळाव्यात म्हणून ते झटत राहिले. १९८५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. बाकीच्या मित्रांच्या चित्रांचे आंकडे आज लिलांवांत कोटींच्या घरांत ऐकूं येतात आणि वर्तमानपत्रें ते मोठ्या अक्षरांत छापतात. पण खोली सांभाळणाऱ्याच्या त्या कामाचा लिलांव होत नाहीं, म्हणून तें कोणाच्या कानींहि पडत नाहीं.

नांदेड-लातुराच्या दृष्टीनें या साऱ्या कथेंत सर्वांत उपयोगी पात्र कोणतें, तर आराच. जाणारे प्रत्येक गांवांतून जातात, आणि त्यांनीं जावें. ज्याला पॅरिस बोलावतें त्याला देगलुरानें अडवून धरण्यांत शहाणपण नाहीं. प्रश्न राहणाऱ्यांचा आहे.

राहणाऱ्याला खोली कशाकरितां हवी? प्रसिद्धीकरितां असें लोकांना वाटतें. तें फारसें खरें नाहीं. चित्रकार घरीं चित्र काढतो तें हाताच्या अंतरावरून पाहतो. पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेंत पाट मांडून बसलेल्या शिक्षकाला आपलें चित्र बारा फुटांवरून कधीं दिसतच नाहीं. तेंच चित्र मोकळ्या भिंतीवर, शेजारीं दुसऱ्याचें चित्र असतांना, दारांतून आंत शिरतांना एकदम दिसलें, कीं त्यांतील उणें आणि अधिक दोन्ही त्याच्या अंगावर येतात. जी छटा रात्रीं दिव्याखालीं गहिरी वाटली होती ती दिवसा चिखलासारखी दिसते. आणि जो कोपरा घाईंत तसाच सोडला होता तोच साऱ्या चित्रांत जिवंत ठरतो. वर्गांत मुलाचा निबंध दुसऱ्या मुलाकडून मोठ्यानें वाचवून घेतला म्हणजे लेखकाला आपलें वाक्य प्रथम ऐकूं येतें, तसाच हा प्रकार आहे. कोणत्याहि गुरूला हें सांगून साधत नाहीं. भिंत तें सांगते.

दुसरें असें कीं, गांवच्या लोकांचे प्रश्न. मुंबईच्या दालनांत येणारा प्रेक्षक गप्प असतो. समजलें नाहीं तरी मान हालवतो. लातूरचा अडत व्यापारी तसें करणार नाहीं. तो विचारील, “हा बैल आहे तर मग निळा कां?” चित्रकाराला याचें उत्तर द्यावें लागेल. उत्तर देतां देतां कित्येकदां त्यालाच प्रथम कळतें कीं बैल निळा कां; आणि कित्येकदां असेंहि कळतें कीं बैल निळा करण्याचें कांहीं कारण नव्हतें, कोणत्या तरी मासिकांत तसा पाहिला होता म्हणून केला. हे दोन्ही लाभ मोठे आहेत.

कोणी म्हणतील, एवढ्याशा गांवाला हें कसें परवडावें? सातारा जिल्ह्यांतील औंध हें तर खेडें. तेथील संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते. त्यांनीं १९३८ सालीं टेकडीवर संग्रहालय उघडलें, आणि त्यांत राजा रविवर्म्यांच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या एका लहान शिल्पापर्यंत कितीतरी वस्तु आज पाहावयास मिळतात. राजाची इच्छा आणि राजाचा खजिना होता, हें खरें. नांदेड-लातुराला राजा नाहीं. पण नांदेडास डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहासारखीं मोठीं सभागृहें उभीं राहूं शकतात, दर रस्त्यावर नवें मंगल कार्यालय होऊं शकतें, तर वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अशी एक खोली होऊं शकत नाहीं, हें पैशाच्या सबबीखालीं सांगणें अवघड आहे.

खोलीला फार कांहीं लागत नाहीं. खिळ्यांनीं भिंत विद्रूप होते, म्हणून छताजवळून एक दांडी फिरवावी आणि तिच्यावरून तारांनीं चित्रें सोडावीं. चित्राचा मध्य जमिनीपासून पांच फुटांच्या आंतबाहेर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा. सरकारी कचेऱ्यांतून पुढाऱ्यांच्या तसबिरी जशा छताला चिकटून खालीं वांकलेल्या असतात, तसें येथें होऊं नये. दिवे वरून आणि तिरपे असावेत. समोरून पडलेला दिवा कांचेंत उजळतो आणि प्रेक्षकाला चित्राऐवजीं स्वतःचा चेहरा दिसतो. कागदावरील चित्र कांचेला टेकूं देऊं नये, मध्यें जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवावी. नाहींतर पावसाळ्यांत कागद कांचेला चिकटतो आणि बुरशी धरतो. मराठवाड्याचें ऊन लक्षांत घेतां पश्चिमेची खिडकी बंद ठेवावी हें उत्तम, कारण पाणरंगांतील कांहीं रंग उन्हानें पाहतां पाहतां उडून जातात. दाराशीं एक वही ठेवावी. तींत ‘फार छान’ या दोन शब्दांशिवाय कोणी कांहीं लिहीत नाहीं, हा सर्वत्र अनुभव आहे. तरीहि वही असावी.

पैशाचा विषय निघाला कीं गांवचा चित्रकार लाजतो. विशेषतः शिक्षक. ज्यानें महिनाभर सायंकाळीं बसून गोदावरीचा घाट रंगविला तो किंमत विचारतांच म्हणतो, “अहो, आवडलें ना? मग न्या कीं.” हें औदार्य दिसतें, पण त्यानें शेजाऱ्याचा घात होतो, कारण पुढच्या वेळीं दुसरा कोणी किंमत सांगूं लागला कीं लोक म्हणतात, देशपांडे मास्तरांनीं तर फुकट दिलें होतें. प्रत्येक चित्राखालीं छापील किंमत असावी आणि विकल्या गेलेल्या चित्रावर मुंबईच्या रीतीप्रमाणें लाल टिकली लावावी. गांवांत नवीं घरें बांधणारे डॉक्टर आणि वकील आहेत. त्यांच्या दिवाणखान्यांत आज परदेशांतील धबधब्याचीं छापील चित्रें झळकतात. त्यांना कला कळत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांना कंधारच्या किल्ल्याचें हातानें काढलेलें चित्र कोठें मिळतें तें ठाऊक नाहीं, एवढाच भाग आहे.

आतां वादाचा मुद्दा. अशा खोलींत सर्वांची चित्रें लावावीं कीं निवडून लावावीं? या एका प्रश्नावर जितकीं कलामंडळें फुटलीं तितकीं दुसऱ्या कशानें फुटलीं नसतील. सर्वांना घेतलें तर भिंत बाजार होते, आणि चांगला चित्रकार दुसऱ्या वर्षीं येत नाहीं. निवडून घेतलें तर निवडणाऱ्याचे शिष्य आंत आणि दुसऱ्याचे शिष्य बाहेर, अशी ओरड होते. आणि ती पुष्कळदां खरीहि असते. रॅम्पार्ट रोच्या उदाहरणावरून एक मार्ग दिसतो. वर्षांतून एक प्रदर्शन कडक निवडीचें करावें, त्याकरितां परीक्षक बाहेरगांवचा आणावा, आणि त्याचा निर्णय मुकाट्यानें मान्य करावा. उरलेले महिने जो ठरलेलें भाडें देईल त्याला खोली द्यावी. त्यांत नाकारलेल्याला आधीं द्यावी. मग त्याची चित्रें वाईट असलीं तर गांव पाहीलच, आणि समितीचें चुकलें असलें तरीहि गांव पाहील.

खोली हातची जाते ती बहुधा वादानें नव्हे, सोयीनें. वाचनालयाचें एखादें दालन चित्रांकरितां मिळतें. पहिल्या वर्षीं दोन प्रदर्शनें होतात. मग कोणाच्या तरी घरच्या लग्नाकरितां एक दिवस तेथें खुर्च्या ठेवल्या जातात. नाहीं कसें म्हणावयाचें? पुढें निवडणुकीचे फलक येतात, मग मंडपाचे बांबू, आणि एके दिवशीं किल्ली नक्की कोणापाशीं आहे हेंच कोणाला सांगतां येत नाहीं. असें किती गांवीं घडलें असेल त्याची गणती नाहीं. यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो, म्हणूनच त्याचा बंदोबस्त कठीण.

आणि तेवढ्यांत वर्षें जातात. चित्रकलेचे शिक्षक निवृत्त होतात. त्यांचीं चित्रें गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेंत, ट्रंक माळ्यावर. मुलें पुण्याला किंवा हैदराबादेला नोकरीस. घर विकावयाची वेळ येते तेव्हां माळा झाडला जातो, आणि तीस-चाळीस वर्षांचें एका माणसाचें पाहणें रद्दीवाल्याच्या तराजूंत जातें. त्या चित्रांत कदाचित् थोर असें कांहीं नसेलहि. पण लातुरांतील गंजगोलाईचा परिसर पन्नास वर्षांपूर्वीं कसा दिसत होता, नांदेडच्या घाटावर पूर येण्याआधीं पाण्याला कोणता रंग चढे, शेतकऱ्याच्या फेट्याला त्या वेळीं कसा पीळ असे, हें त्यांत असतें, आणि तें छायाचित्रांत त्याच तऱ्हेनें नसतें. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें मातींत घातलीं. तेथें गेलेल्या माणसांचें दुःख इतकें मोठें होतें कीं भिंतींवर काय रंगविलेलें होतें, कोनाड्यांत काय ठेवलेलें होतें, हें विचारण्याची ती वेळच नव्हती. पुढें विचारावयास भिंती उरल्या नाहींत. म्हणून अशा खोलीनें आणखी एक काम करावें. जें चित्र तिच्या भिंतीवर एकदां लागलें त्याचें नांव, माप, साल, काढणाऱ्याचें नांव, आणि तें कोणाच्या घरीं गेलें, एवढें एका मोठ्या नोंदवहींत लिहून ठेवावें, आणि सोबत त्याचा फोटो चिकटवावा. खर्च वहीचा आणि गोंदाचा.

जागेची वानवा असण्याचें कारण नाहीं. लातूर या दृष्टीनें भाग्यवान आहे. फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणें १९१७ सालीं आंखलेल्या गंजगोलाईंत सोळा रस्ते येऊन मिळतात. गांवांत आलेला मनुष्य त्या गोलास फेरी घातल्याशिवाय सहसा परत जात नाहीं. अशा ठिकाणच्या एखाद्या माडीवर चित्रें लागलीं तर प्रेक्षकाला निमंत्रणपत्रिका धाडण्याचें काम नाहीं. नांदेडास गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला देशाच्या टोकाटोकांतून यात्रेकरू येतात, आणि गाडीच्या वेळेपर्यंत त्यांना गांवांत वेळ काढावयाचा असतो. त्यांच्या परतीच्या सामानांत गोदावरीचें एखादें चित्र सहज मावेल. शाळांच्या जुन्या इमारतींत कित्येक खोल्या मोडक्या बाकांनीं भरून बंद आहेत. बाकें हालविलीं कीं भिंती आहेतच.

खरी अडचण माणसाची आहे. दुपारीं तीन ते रात्रीं आठ दार उघडें ठेवणारा, उन्हांतून आलेल्या म्हाताऱ्याला आधीं पाणी देणारा, शाळेच्या पोरांचे हात चित्रांवरून हलकेच दूर करणारा आणि तरी त्यांना हाकलून न लावणारा, ज्याचें प्रदर्शन आहे त्याच्यावर मनांतून रुसलेला असला तरी त्याच्या चित्रांची चौकट सरळ करणारा, असा एकजण पाहिजे. मोठा चित्रकार नसला तरी चालेल. निवृत्त शिक्षक, बँकेंतून मोकळे झालेले कारकून, कोणीहि. लग्नाच्या खुर्च्या मागावयास आलेल्या ओळखीच्या माणसाला नाहीं म्हणण्याइतका तो कोरडा मात्र असावा, आणि किल्ली त्याच्याच खिशांत राहावी.